काचेला सोनं धरत नाही

काचेला सोनं धरत नाही.
हे तरारे मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं,
हिंगण्याच्या शेडमध्ये, पंपाच्या घरघरीवरून ओरडून.
आधी क्रोमचा हात द्यायचा, पाच नॅनोमीटर,
मग त्यावर सोनं.
क्रोम नंतर कुणाला दिसत नाही.
बिलातही येत नाही.

मे महिन्यात बाहेर सेहेचाळीस.
चिलरचं पाणी तापलं की पंप बसतो,
म्हणून आम्ही चेंबर पहाटे चारला बंद करतो
आणि आतली हवा काढता काढता उजाडतं.
टंगस्टनची बोट असते, करंगळीएवढी.
तिच्यात सोन्याच्या तारेचे तुकडे,
तांदळाची कणी असावी तसे,
वजन करून, सही करून.
करंट वाढवला की त्यांना आधी घाम फुटतो,
मग सगळ्यांचा मिळून एक थेंब,
मग थेंबही लहान लहान होत जातो.
गेलं कुठं?
हवाच नसते, तर अडवणार कोण,
सोनं सरळ निघतं आणि समोर येईल त्याला चिकटतं:
काच, काचेचा स्टँड, भिंत, नट, बोल्ट.
काचेच्या वाट्याला थोडंच.
बाकी भिंतीचं.

माझी माय, फुलवंताबाई,
इतवारीत सराफ्याच्या ओळीत
शटर वर जायच्या आधी नाल्या झाडायची.
खराट्यानं नाही, ब्रशनं.
खराटा सोनं उडवतो, म्हणायची.
गाळ घमेल्यात, घमेलं सार्वजनिक नळाखाली,
आणि मनगटानं असा गोल झोका
की माती आपणहून उठून जायची
आणि तळाला काळी रेती बसायची.
मग पारा.
पारा तळहातावर चोळताना
ती आम्हा भावंडांना लांब, ओट्यावर बसवायची.
आता तिचा उजवा हात हलतो.
डॉक्टर म्हणाले, वय झालं.
मी त्यांना पाऱ्याचं सांगितलं नाही. का नाही, माहीत नाही.

दर तीन महिन्यांनी मी चेंबरची भिंत खरवडतो.
भिंतीवर फॉइल लावलेला असतो, तो सोडवायचा,
बोल्ट ब्रशनं झाडायचे,
धूळसुद्धा कागदावर घेऊन पुडी बांधायची,
वहीत 'वसुली' या रकान्यात लिहायचं:
एक ग्रॅम, चारशे बारा मिलिग्रॅम.

खंडेनवमीला मशीनची पूजा. घरच्यांना आत येऊ देतात.
मायनं चेंबरला हळदकुंकू लावलं,
मग आत डोकावून बोटानं भिंत चाचपली,
बोट उजेडात धरलं.
"हे त नालीच आहे ना बाप्पा," ती म्हणाली.
"मंग तू बी झाडूनच राह्यला."

मी हसलो. मॅडमही हसल्या, पण उशिरा.

विषय बदलावा म्हणून तिला एक काच दिली.
त्या काचेवर नवा पोरगा क्रोम द्यायला विसरला होता,
चिकटपट्टी लावून ओढली तर अर्धं सोनं पट्टीवर आलं.
उरलेलं अर्धं, तीस नॅनोमीटर.
म्हटलं, दारात जा, सूर्याकडे धरून बघ.
तिनं धरली. हात हलत होता,
आणि तिच्या गालावर, पदरावर, शेडच्या उंबऱ्यावर
एक हिरवा तुकडा हलत होता.

मी सांगायला लागलो,
इतकं पातळ केलं की उजेड आरपार जातो,
लाल-पिवळा सोनं मागे फिरवतं, आणि...
"त्यात काय नवल," ती म्हणाली,
डोळा काचेवरून न काढता.
"उद्याले सारं नागपूर हिरवंच सोनं वाटून राहीन."
गेटबाहेर खरंच एक बाई
आपट्याच्या फांद्यांवर पाणी शिंपडत बसली होती.

माय बराच वेळ तशीच उभी.
चाळीस वर्षं तिनं सोनं इकडून पाहिलं होतं,
खाली वाकून.

मग मी काच परत घेतली.
मोजलेली होती.